फसलेली डिस्क कमांड पुन्हा रांगेत: लिनक्सच्या स्कझी थरात रिक्यू कसं चालतं आणि ते कसं तपासायचं

डिस्कला पाठवलेली कमांड फसली की कर्नेलपुढे तीन वाटा असतात. ती पुन्हा रांगेत लावायची (रिक्यू), वरच्या थराला त्रुटी कळवून मोकळं व्हायचं, किंवा एरर हँडलरच्या, म्हणजे फसलेल्या कमांड सावरणाऱ्या कर्नेलच्या भागाच्या, ताब्यात द्यायची. ड्रायव्हर लिहायला नव्याने बसलेले लोक पहिल्या वाटेला सरसकट 'रिट्राय' म्हणतात आणि तिथेच घसरतात. कमांड रांगेत परत जाणं ही एक गोष्ट, आणि तो प्रयत्न मोजला जाणं ही दुसरी. हा फरक एकदा हातात बसला की स्कझी (डिस्कसारख्या उपकरणांशी बोलायची कमांड-पद्धत) मिडलेयरचा, म्हणजे ब्लॉक लेयर आणि हार्डवेअरचा ड्रायव्हर यांच्या मधल्या थराचा, निम्मा कोड आपोआप वाचता येतो.

फर्मागुडी, कुंकळ्ळी किंवा झुआरीनगरला ऑपरेटिंग सिस्टिम शिकणाऱ्यांसाठी आणि पणजी-मडगावकडे लहानमोठे सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. सी भाषा वाचता यावी, टर्मिनलची भीती नसावी, एवढंच गृहीत धरलं आहे. फंक्शनांची नावं इथे देवनागरीत आहेत. सोर्समध्ये ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत, शब्दांमध्ये अंडरस्कोर घालून शोधा. स्थिरांक मोठ्या अक्षरांत मिळतील. लागणारा जवळजवळ सगळा कोड ड्रायव्हर्स डिरेक्टरीतल्या स्कझी उपडिरेक्टरीत, 'स्कझी लिब' आणि 'स्कझी एरर' या दोन फाइलींत आहे. कर्नेलच्या आवृत्तीनुसार ओळी इकडच्या तिकडे होतात, म्हणून आपल्या मशीनवर चालणाऱ्या आवृत्तीचाच सोर्स उघडा.

पायरी १: खऱ्या डिस्कला हात न लावता प्रयोगशाळा उभारा

व्हर्च्युअल मशीन घ्या. २ जीबी मेमरी आणि डेबियन किंवा फेडोरा पुरे. आत स्कझी डिबग नावाचं कर्नेल मॉड्यूल लोड करा. ते मेमरीत एक खोटी डिस्क तयार करतं आणि सांगू तेव्हा सांगू तशी त्रुटी देतं. उबंटूवर मॉड्यूल सापडलं नाही तर मॉड्यूल्स-एक्स्ट्रा हे पॅकेज बसवा. सोबत एलएस-स्कझी, एसजी-थ्री-युटिल्स आणि ट्रेस-सीएमडी ही साधनं लागतील.

लोड करताना डेव्ह साइझ एमबी या पॅरामीटरला ६४ द्या. न दिल्यास ८ एमबीची डिस्क मिळते. त्रुटीचे पॅरामीटर लोड करतानाच देऊ नका. डिस्क ओळखतानाच कर्नेल इन्क्वायरी, रीड कपॅसिटी अशा बऱ्याच कमांड पाठवतो आणि तुमची त्रुटी त्यांतल्याच एखादीवर पडते. आधी डिस्क नीट वर येऊ द्या. मग सिसएफएसमधल्या (कर्नेलच्या सेटिंग्ज फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या डिरेक्टरीतल्या) बस, स्यूडो, ड्रायव्हर्स, स्कझी डिबग या वाटेने जाऊन 'ऑप्ट्स' आणि 'एव्हरी एनथ' या दोन फाइलींत आकडे लिहा. ऑप्ट्स ठरवतं त्रुटी कोणती, एव्हरी एनथ ठरवतं दर कितव्या कमांडला.

पायरी २: कमांडचा प्रवास डोळ्यांसमोर आणा

ब्लॉक लेयर रिक्वेस्ट तयार करून 'स्कझी क्यू आरक्यू'ला देतो. तिथून 'स्कझी डिस्पॅच सीएमडी' आणि मग तुमच्या ड्रायव्हरचं 'क्यूकमांड'. ड्रायव्हर कमांड हार्डवेअरला देतो आणि शून्य परत करतो. काम झालं की 'स्कझी डन', मग 'स्कझी कम्प्लीट', आणि तिथे 'स्कझी डिसाइड डिस्पोझिशन' निकाल देतं. पुढची सगळी चर्चा या फंक्शनभोवती फिरते. ते छापून टेबलावर ठेवलं तरी वावगं नाही.

पायरी ३: परत रांगेत येण्याची तीन दारं ओळखा

पहिलं दार क्यूकमांडमध्येच आहे. हार्डवेअरकडे जागा नसेल तर ड्रायव्हर 'होस्ट बिझी', 'टार्गेट बिझी' किंवा 'डिव्हाइस बिझी' परत करतो (होस्ट म्हणजे अडॅप्टर, टार्गेट म्हणजे त्याला जोडलेलं उपकरण, डिव्हाइस म्हणजे त्यातली एक डिस्क). कमांड डिस्कपर्यंत पोचलेलीच नाही, म्हणून हा प्रयत्न मोजला जात नाही. रायबंदर-चोडण फेरी भरली की गाडी धक्क्यावरच थांबते, तिचा प्रवास सुरू झालेला नसतो, तसंच हे. मिडलेयर ब्लॉक लेयरला 'संसाधन नाही' असं सांगतो आणि रिक्वेस्ट डिस्पॅच यादीत परत जाते. सोबत 'ब्लॉक्ड' नावाचा काउंटर भरला जातो: होस्टसाठी मूळ किंमत ७, डिव्हाइस आणि टार्गेटसाठी ३. आधीच्या काही कमांड चालू असतील तर त्यांतली एखादी पूर्ण झाली की काउंटर शून्य होतो आणि रांग हलते. काहीच चालू नसेल तर प्रत्येक फेरीला तो एकाने घटतो. रिकाम्या डिव्हाइसवर बिझी परत केल्यावर कमांड लगेच उसळून येत नाही, ती यामुळे.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे बिझी परत करायचं आणि त्याच कमांडवर स्कझी डनही बोलवायचं. मग एका कमांडचे दोन मालक होतात. एकाने मोकळी केलेली मेमरी दुसरा वापरतो आणि मशीन कुठेतरी भलतीकडेच कोसळतं. नियम साधा आहे: शून्य परत केलं तर स्कझी डन तुमची जबाबदारी, बिझी परत केलं तर कमांड तुमची राहिलीच नाही. दुसरी चूक म्हणजे हार्डवेअर कायमचं मेलेलं असताना बिझी परत करत राहणं. या वाटेवर रिट्रायची मर्यादा नाही आणि टाइमआउटचं घड्याळही लागू पडत नाही, कारण रिक्वेस्ट सुरू झाली असं धरलंच जात नाही. प्रोसेस डी स्थितीत (मारताही न येणाऱ्या झोपेत) अडकून बसते आणि हंग टास्क तपासणी चालू असेल तर १२० सेकंदांनी लॉगमध्ये इशारा येतो. अडॅप्टर गेला असेल तर निकालात 'डीआयडी नो कनेक्ट' घालून स्कझी डन बोलवा. वरच्या थराला खरं काय ते कळू द्या.

दुसरं दार कम्प्लीशनचं. कमांड गेली, उत्तर आलं, पण उत्तर चांगलं नाही. डिसाइड डिस्पोझिशन आधी होस्ट बाइट पाहतं, म्हणजे ड्रायव्हरचं म्हणणं, आणि नंतर स्टेटस बाइट, म्हणजे डिस्कचं म्हणणं.

होस्ट बाइटमध्ये 'डीआयडी रिक्यू' किंवा 'डीआयडी इम रिट्राय' असेल तर कमांड रांगेत परत जाते आणि रिट्राय मोजला जात नाही. 'डीआयडी सॉफ्ट एरर', 'डीआयडी बस बिझी', 'डीआयडी पॅरिटी', 'डीआयडी एरर', 'डीआयडी ट्रान्सपोर्ट डिसरप्टेड' असेल तर मोजला जातो. रिक्यू तेव्हाच वापरा जेव्हा दोष कमांडचाही नाही आणि डिस्कचाही नाही, उदाहरणार्थ फर्मवेअर रीसेट चालू असताना अडॅप्टरने कमांड परत फेकली. बाकी ठिकाणी सॉफ्ट एरर बरा. शंका असेल तर मोजला जाणारा पर्याय निवडा, एवढा आमचा आग्रह आहे. न मोजणारा रिक्यू चुकीच्या जागी बसला तर दोष मिनिटं न् मिनिटं झाकला जातो.

स्टेटस बाइटमध्ये 'बिझी' किंवा 'टास्क सेट फुल' (डिस्कची रांग भरली) आलं तरी कमांड न मोजता रांगेत जाते. टास्क सेट फुलच्या वेळी, ड्रायव्हरने 'ट्रॅक क्यू डेप्थ' चालू ठेवलं असेल, तर वारंवार तसं घडल्यास मिडलेयर रांगेची खोली कमी करतो. नंतर सगळं सुरळीत चाललं तर ती हळूहळू वाढवतो. त्यासाठीचा रॅम्प-अप कालावधी मुळात १,२०,००० मिलिसेकंद असतो.

'चेक कंडिशन' (काहीतरी चुकलं, तपशील बघा) आली की सेन्स डेटा, म्हणजे डिस्कने दिलेला त्रुटीचा तपशील, वाचला जातो, आणि इथे थांबून अभ्यास करण्यासारखं पुष्कळ आहे. 'अबॉर्टेड कमांड' बहुधा रिट्राय होते आणि मोजली जाते. अपवाद अतिरिक्त कोड हेक्साडेसिमल १० असलेल्या डेटा-संरक्षण त्रुटीचा. ती सरळ वर जाते. 'मीडियम एरर'मध्ये अतिरिक्त कोड हेक्साडेसिमल ११, १३ किंवा १४ असेल तर मिडलेयर पुन्हा विचारतच नाही. सेक्टर वाचायचे सगळे प्रयत्न डिस्कने आतल्या आत आधीच केलेले असतात. बाहेरून पाच वेळा विचारलं तर फक्त वेळ जातो आणि आजारी डिस्कवर ताण पडतो. 'इलीगल रिक्वेस्ट'ही तशीच परत जाते, कारण जी कमांड डिस्कला समजत नाही ती दहा वेळा पाठवूनही समजणार नाही. 'नॉट रेडी, तयार होत आहे' अशा उत्तराला थोडं थांबून पुन्हा प्रयत्न होतो. 'युनिट अटेन्शन, पॉवर ऑन किंवा रीसेट' या उत्तराला, डिस्क काढता येण्याजोगी नसेल तर, कमांड पुन्हा पाठवली जाते. डिस्क फक्त एवढंच सांगत असते की मधे काहीतरी घडलं होतं.

तिसरं दार टाइमआउटचं. ३० सेकंदांत उत्तर नाही आलं तर कर्नेल आधी ती एकच कमांड अबॉर्ट करून पाहतो. जमलं आणि रिट्राय शिल्लक असेल तर ती रांगेत परत. नाही जमलं तर स्कझी ईएच नावाचा कर्नेल थ्रेड जागा होतो. तो त्या होस्टवरच्या सगळ्या चालू कमांड संपण्याची किंवा फसण्याची वाट पाहतो, मग डिव्हाइस रीसेट, टार्गेट रीसेट, बस रीसेट, होस्ट रीसेट अशा पायऱ्या चढतो आणि मधे मधे 'टेस्ट युनिट रेडी' पाठवून डिस्क शुद्धीवर आली का बघतो. या प्रत्येक चाचणीला मुळात १० सेकंद मिळतात. तोवर त्या होस्टवर नवी कमांड जात नाही. एका आजारी डिस्कने त्याच अडॅप्टरवरच्या सात निरोगी डिस्क थांबलेल्या दिसतात त्या म्हणूनच. शेवटपर्यंत काही जमलं नाही तर डिस्क ऑफलाइन होते.

पायरी ४: मर्यादा कुठे आहे ते पाठ करा

डिस्क ड्रायव्हर प्रत्येक कमांडला ५ रिट्राय देतो, म्हणजे मूळ प्रयत्न धरून ६. न मोजल्या जाणाऱ्या रिक्यूलाही दुसरी एक मर्यादा आहे: रिट्राय अधिक एक, गुणिले टाइमआउट. ६ गुणिले ३० म्हणजे १८० सेकंद. कमांड जन्मल्यापासून एवढा वेळ उलटला असेल तर पुढच्या फसलेल्या कम्प्लीशनला ती वर परत केली जाते आणि लॉगमध्ये 'टायमिंग आउट कमांड, वेटेड १८० एस' अशा अर्थाची ओळ येते. ही ओळ दिसली की डिस्कला दोष देण्याआधी ड्रायव्हरचा डीआयडी रिक्यू तपासा. मात्र ही तपासणी फक्त दुसऱ्या दारावर होते. पहिल्या दारावर अशी राखण नाही, हे वर आलंच आहे.

टाइमआउट बदलायचा असेल तर सिसएफएसमध्ये त्या डिस्कच्या डिव्हाइस डिरेक्टरीत 'टाइमआउट' नावाची फाइल आहे. तो बदलला की १८० चा हिशेबही बदलतो, हे लोक विसरतात. ३० चे १२० केले तर एक कमांड बारा मिनिटं लोंबकळू शकते. फ्लश कमांडला याच्या दुप्पट वेळ मिळतो.

दोन प्रकारच्या रिक्वेस्टना रिट्रायचं दार कमीअधिक बंद असतं. मल्टिपाथसारखे (एकाच डिस्ककडे अनेक वाटांनी जाणारे) थर फेलफास्टचा, म्हणजे 'फसलं की लगेच कळवा' असा, झेंडा लावून पाठवतात, कारण त्यांना लगेच दुसरी वाट धरायची असते. आणि पासथ्रू, म्हणजे एसजी साधनांनी थेट पाठवलेल्या कमांड, चेक कंडिशनवर पुन्हा पाठवल्या जात नाहीत. एसजी साधनाने चाचणी घेऊन "रिट्राय होतच नाही" अशी तक्रार करणारे बरेच भेटतात. चाचणीसाठी साधं डीडी (ब्लॉक वाचणारी-लिहिणारी कमांड) वापरा, डायरेक्ट वाचनाचा झेंडा लावून. नाहीतर पेज कॅशमधूनच (आधी वाचलेल्या डेटाच्या मेमरीतल्या प्रतीतून) उत्तर येईल आणि कमांड डिस्कपर्यंत जाणारच नाही.

पायरी ५: त्रुटी टोचा आणि ट्रेस वाचा

ट्रेस-सीएमडीने स्कझी गटातल्या 'डिस्पॅच सीएमडी स्टार्ट', 'एरर', 'डन', 'टाइमआउट' आणि ब्लॉक गटातली 'आरक्यू रिक्यू' या घटना चालू करा. मग पुढचे प्रयोग एकेक करून करा; दोन त्रुटी एकत्र टोचल्या तर ट्रेसमधून काही उमगत नाही.

होस्ट बिझीसाठी ऑप्ट्समध्ये ३२७६८ आणि एव्हरी एनथमध्ये ५०. डीडीने हजारभर ब्लॉक वाचा. डीडीला एकही त्रुटी दिसणार नाही, पण ट्रेसमध्ये डिस्पॅच एरर आणि त्यामागोमाग आरक्यू रिक्यू दिसेल. एव्हरी एनथमध्ये १ घालू नका. प्रत्येकच कमांड नाकारली जाईल आणि डीडी कायमचं अडकेल.

दुसऱ्या दारासाठी ऑप्ट्समध्ये १६. आता दर पन्नासावी कमांड 'अबॉर्टेड कमांड' घेऊन परत येईल. या वेळी स्टार्ट, डन, रिक्यू, पुन्हा स्टार्ट असा क्रम दिसतो. आधीच्या प्रयोगात रिक्यूपूर्वी डन नव्हता. सगळा लेख या एका फरकात आहे, म्हणून दोन्ही ट्रेस शेजारी शेजारी ठेवून वाचा.

मीडियम एररसाठी ऑप्ट्समध्ये २. इथे एव्हरी एनथची गरज नाही. हेक्साडेसिमल १२३४, म्हणजे दशमानात ४६६० क्रमांकाच्या सेक्टरपासून १० सेक्टर खराब धरले जातात. ५१२ बाइटचा ब्लॉक घेऊन, ४६६० ब्लॉक सोडून एक ब्लॉक वाचा. डीडी लगेच फसेल, कर्नेल लॉगमध्ये 'क्रिटिकल मीडियम एरर' येईल आणि त्या कमांडसाठी रिक्यूची घटना सापडणार नाही.

टाइमआउटसाठी आधी डिस्कचा टाइमआउट ५ सेकंदांवर आणा, मग ऑप्ट्समध्ये ४ आणि एव्हरी एनथमध्ये १००. दर शंभराव्या कमांडला डीडी पाच सेकंद थबकेल आणि पुढे चालू लागेल. झालं की दोन्ही फाइलींत ० लिहा, मगच मॉड्यूल काढा.

पायरी ६: खऱ्या मशीनवर लॉग वाचताना

मिरगापासून चवथीपर्यंत आपल्याकडे वीज लपंडाव खेळते आणि हवेत ओल असते. या दोन्हींची छाप लॉगमध्ये वेगवेगळी उमटते. विजेच्या झटक्यात डिस्कचा पुरवठा क्षणभर तुटला तर एसएएस डिस्क पुढच्या कमांडला 'युनिट अटेन्शन, पॉवर ऑन' देते. साटा डिस्कवर 'हार्ड रीसेटिंग लिंक' अशी ओळ येते. यूएसबी डिस्क तर सरळ निखळते आणि नव्या नावाने परत येते, तिथे रिक्यूचा उपयोगच नाही. पहिल्या दोन्हींत कमांड सहसा पुन्हा जाते आणि पूर्ण होते. पण डिस्कच्या कॅशमधला, अजून तबकडीवर न उतरलेला डेटा गेलेला असू शकतो आणि रिक्यू तो परत आणत नाही. यूपीएस नसलेल्या सर्व्हरवर अशा ओळी दिसल्या तर फाइल सिस्टिम तपासा, "त्रुटी नाही आली" म्हणून सोडून देऊ नका.

किनाऱ्यालगतच्या खाऱ्या, दमट हवेत साटा जोडण्यांचे संपर्क खराब होतात. तेव्हा केबलवरची सीआरसी त्रुटी (डेटा वाटेत बिघडल्याची खूण) वाढते, रिट्रायमुळे काम होतं, पण मशीन संथ वाटतं. स्मार्ट माहितीत, म्हणजे डिस्कने ठेवलेल्या स्वतःच्या तब्येतीच्या नोंदींत, १९९ क्रमांकाचा (या सीआरसी त्रुटींचा) आकडा पाहा. तो वाढला की परत शून्यावर येत नाही, म्हणून आज एकदा आणि आठवड्याने एकदा नोंदवून फरक काढा. १९९ वाढतो आणि ५ (बदली दिलेले सेक्टर) व १९७ (वाचता न आलेले, निकाल बाकी असलेले सेक्टर) स्थिर आहेत, तर आधी मशीन बंद करून केबल बदला आणि संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. १९७ वाढत असेल तर केबल बदलत बसू नका, बॅकअप घ्या.

एखादी डिस्क किती वेळा अडखळते हे बघायला डिव्हाइस डिरेक्टरीत 'आयओ रिक्वेस्ट', 'आयओ डन' आणि 'आयओ एरर' यांचे काउंटर आहेत. आकडे हेक्साडेसिमलमध्ये असतात, ते दशमान समजून तुलना करू नका. ऑफलाइन गेलेली डिस्क, मूळ कारण दूर केल्यावर, 'स्टेट' फाइलीत 'रनिंग' लिहून परत आणता येते. कारण दूर न करता आणली तर एरर हँडलर पुन्हा सगळा होस्ट थांबवेल.

पायरी ७: ड्रायव्हरमध्ये बदल करण्याआधी

स्वतःची रिट्राय रांग ड्रायव्हरमध्ये बांधू नका. मिडलेयरला तिची कल्पना नसते; त्याचं टाइमआउटचं घड्याळ चालू राहतं आणि तुम्ही कमांड दुसऱ्यांदा पाठवत असता त्याच क्षणी तो ती अबॉर्ट करायला येतो. योग्य होस्ट बाइट घालून स्कझी डन बोलवा आणि निर्णय वर सोपवा. निकालाचा आकडा प्रत्येक वाटेवर पूर्ण लिहा. नुसता स्टेटस बाइट 'ऑर' केला तर आधीचे बिट मिसळून भलताच निकाल तयार होतो. अबॉर्ट हँडलरने यश कळवलं, की त्या कमांडच्या बफरला हार्डवेअर पुन्हा हात लावणार नाही याची खात्री झालेली असली पाहिजे. ती नसताना यश कळवलं तर रिक्यू झालेली कमांड आणि जुना डीएमए (हार्डवेअरचं मेमरीतलं थेट लेखन) एकाच मेमरीत लिहितात, आणि डेटा कुणाला न कळता बिघडतो.

डिस्कवर तोच ब्लॉक दोनदा लिहिला तरी बहुधा बिघडत नाही. टेपचं तसं नाही. पहिल्या प्रयत्नात टेप पुढे सरकलेली असू शकते, म्हणून लिनक्सचा टेप ड्रायव्हर वाचन-लेखनासाठी रिट्राय शून्य ठेवतो. तुमचं उपकरण डिस्कसारखं नसेल तर कुठलाही होस्ट बाइट निवडण्याआधी हे ठरवा: कमांड अर्धी होऊन फसली, तर ती पुन्हा पाठवणं सुरक्षित आहे का.